रकान्यातली ‘मुले : ३’

घर नसलेल्या कुटुंबांबरोबर काम करणाऱ्यांकडून या वेळी प्रश्न मागवले होते. सांगली-साताऱ्याकडून आलेल्या पत्रांत निवारा केंद्र, ऊसतोडीच्या कोप्या (मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्या), रेल्वे स्टेशन आणि पुराची छावणी ही चार ठिकाणं पुन्हापुन्हा येतात. बहुतेक पत्रांत अडचण आईबापांची आहे, मुलं शेवटच्या ओळीत. म्हणून उत्तरं मुलांकडून सुरू केली आहेत.

प्रश्न : आमच्या केंद्रात कुटुंब आलं की अर्ज भरून घेतो. परवाच्या अर्जात ‘मुले : ३’ होतं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा, धाकटा दोनचा. आई सगळी उत्तरं देते, मुलं गप्प. मुलांसाठी वेगळं नेमकं काय करायचं?
— निवारा केंद्रातील कार्यकर्ती, मिरज

अर्ज आहे तसा राहू द्या. त्याला तीन कोरे कागद जोडा, एकेका मुलाचा एकेक. घर एकाच रात्री सुटलं तरी तिघांचं गेलं ते वेगवेगळं. मुलीची शाळा आणि मैत्रिणी सुटल्या. सहा वर्षांचा पहिलीत कुठे रुळत होता, तो उठला. धाकट्याला एवढंच कळतं की झोपायची जागा बदलली आणि आई पहिल्यासारखी हसत नाही.

कागदावर हे लिहा : घरी हाक मारतात ते नाव. गेल्या सात रात्री कुठे कुठे झोप झाली. शेवटची शाळा, इयत्ता आणि गाव. लसीकरणाचं कार्ड आहे की हरवलं. चालू औषध. कशाची भीती वाटते आणि रडू आलं तर कशाने थांबतं. शिवाय मागे राहिलेली कोणती वस्तू त्याला हवी आहे. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण मुलं घर गेल्याचं बहुधा अशाच एखाद्या वस्तूच्या नावाने बोलतात : दप्तर, सायकलचं चाक, पाळलेलं कुत्रं. ती आणता येत असेल तर आणा. येत नसेल तर ‘नाही आणता येणार’ हे त्याच दिवशी सांगा. ‘बघू हं’ म्हणून सोडून दिलं की तुमच्या पुढच्या शब्दावरचाही भरवसा जातो.

बोलायची घाई नको. पहिल्या दिवशी मुलाला स्वतंत्रपणे जागा दाखवा. संडास कुठे, रात्री दिवा कुठला चालू असतो, जेवण किती वाजता, इथे रात्री कोण असतं, एवढं पुरे. बोलणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सतरंजीवर, त्याच्या उंचीला बसून, १५ मिनिटांच्या वर नाही. आई दिसावी, पण तिला ऐकू जाऊ नये एवढ्या अंतरावर. आधी आईला विचारा आणि मग मुलालाही : ‘नको वाटलं तर उठून जायचं, कोणी रागावणार नाही.’ समोर कागद आणि खडू असू द्या. ‘काल उठल्यापासून झोपेपर्यंत कुठे कुठे गेलास ते काढून दाखव’ एवढ्या एका प्रश्नातून जेवण, भीती, काम, सोबत सगळं बाहेर येतं. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न मात्र टाळा. ‘घर का सोडलं?’ यात मुलाला स्वतःचा दोष तरी ऐकू येतो, नाहीतर आईविरुद्धची साक्ष.

आता नऊ वर्षांची ताई. धाकटा तिच्या कडेवर असणार आणि सगळे तिला ‘किती शहाणी’ म्हणत असणार. हे कौतुक जपून करा, कारण त्याने तिच्यावरचं ओझं पक्कं होतं. पण धाकट्याला तिच्याकडून हिसकावूनही घेऊ नका. घरात तिचा मान त्या कामावर उभा आहे. ‘हा कशाने झोपतो ते मला शिकव’ म्हणा आणि हळूहळू रोज एक तास तिचे हात मोकळे करा. त्या तासात तिला अभ्यासालाही बसवू नका. दुसरं, मिरजेला कानडी बोलणारी कुटुंबं येतातच. मुलीला मराठी येतं म्हणून तिलाच दुभाषी करणं सोयीचं पडतं. पण मग आईला झालेली मारहाण, बापाचं कर्ज हे सगळं नऊ वर्षांच्या तोंडून वदवून घेतलं जातं. कानडी बोलणारी एखादी आशा किंवा शेजारची बाई शोधा.

हे सगळं फसतं ते फाइलमध्ये. कागद भरले जातात आणि पुन्हा कोणी उघडत नाही. प्रत्येक कागदाखाली दर आठवड्याला एकच ओळ लिहा : या मुलासाठी काय, कोण करणार, कोणत्या वारी. आठवड्याच्या बैठकीत आधी मुलांचे कागद वाचायचे, मोठ्यांची कर्जं आणि कागदपत्रं नंतर. क्रम उलटा ठेवला की वेळ संपतो आणि मुलं पुढच्या सोमवारवर जातात.

प्रश्न : साखर कारखान्यामागे बीडकडच्या टोळ्या उतरल्यात. कोपीवरची मुलं जवळच्या शाळेत न्यावीत तर दाखला, जन्माचा पुरावा, आधार मागतात. ‘मार्चमध्ये जाणारच आहेत’ असंही ऐकायला मिळतं. काय करावं?
— अंगणवाडी सेविका, कराड तालुका

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे आणि तो कागदावर लिहून बरोबर ठेवा, तोंडी वाद घालण्यापेक्षा बरं. शिक्षण हक्क कायदा २००९, वय ६ ते १४. कलम १४ : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ : वर्ष सुरू झाल्यावर, मुदतीनंतर आलं तरी नाकारता येत नाही. कलम ५ : आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हे प्रवेश अडवायचं कारण होऊ शकत नाही. कलम ४ : मूल वयाप्रमाणे इयत्तेत बसवायचं आणि मागे पडलं असेल तर शाळेने विशेष प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे दहा वर्षांच्याला ‘काही येत नाही’ म्हणून पहिलीत बसवणं बेकायदा आहे. आधारबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालातच सांगितलं आहे की शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं करता येणार नाही.

मुख्याध्यापकांची खरी अडचण बहुधा कायद्याची नसते, पटावरच्या नोंदीची असते. मूल गावच्या शाळेच्या पटावर आहे, इथे पुन्हा चढवलं तर दोनदा दिसतं. त्यासाठी स्थलांतरित मुलांचं शिक्षण हमी पत्रक आहे. गावची शाळा ते देते, इथली शाळा त्यावर मुलाला बसवते आणि मूल परत गेलं की पुन्हा पत्रक देऊन पाठवते. टोळीतल्या थोड्याच लोकांकडे ते असतं. म्हणून पहिल्या भेटीत गाव, तालुका, शाळेचं नाव आणि जमलं तर गुरुजींचा फोन एवढं लिहून घ्या. इथल्या शाळेतून तिथल्या शाळेत एक फोन गेला की अर्धं काम होतं. तालुक्यात शाळाबाह्य मुलांसाठी नेमलेले बालरक्षक शिक्षक असतात, त्यांना या फोनमध्ये धरा.

पण पटावर नाव चढलं म्हणजे मूल वर्गात आलं असं नाही. अडतं ते इथे : कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पहाटे अंधारात उसाच्या फडावर जाते. कोपीवर तान्हं राहतं आणि त्याच्यासाठी मोठी बहीण राहते. तिला शाळेत आणायचं तर आधी तान्ह्याची सोय लागते, आणि ती तुमच्या हातात आहे. स्थलांतरित मुलांनाही अंगणवाडीत घ्यायचंच असतं. सहा महिने ते तीन वर्षांच्यांना घरपोच आहार, तीन ते सहाच्यांना गरम शिजवलेला. तीन वर्षांखालच्या भावंडाचं काय, हा मधला खड्डा राहतोच. वस्तीवरच एखाद्या म्हाताऱ्या बाईला चार-पाच तान्ही सांभाळायला बसवणं, हा आजवर त्यातल्या त्यात चालणारा मार्ग. तिची रोजची मजुरी कोण देणार, हे टोळी आणणाऱ्या मुकादमाशी आणि कारखान्याच्या शेती विभागाशी हंगामाच्या सुरुवातीला बोला. मध्येच बोललात तर सगळ्यांचं लक्ष उचलीवर, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांवर, असतं.

दंडाचा घेर मोजायची पट्टी घेऊन कोपीवर जा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर ते अतितीव्र कुपोषण, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात. साडेअकरा ते साडेबारा असेल तर पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजायचा, फक्त तोवर टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. पुढचा मुक्काम कुठे, हे मुकादमाला आधी विचारून ठेवा आणि तिथल्या सेविकेला कळवा. मुलगी घरात गोरमाटी (बंजारा बोली) बोलत असेल तर वर्गात पहिले पंधरा दिवस गप्प बसेल. ते ‘मंद आहे’ म्हणून लिहू नका.

प्रश्न : स्टेशन आणि बसस्टँडवर आईबापांबरोबर राहणारी मुलं दिसतात, काही एकटीही. बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, केव्हा न्यायचं? आम्ही जवळ गेलो की कुटुंबं पळतात.
— समाजकार्याचा विद्यार्थी, सांगली

पळतात, कारण त्यांना ‘मुलं उचलून नेणारे’ म्हणून आपली ओळख झालेली असते. दोन गोष्टींत गल्लत होते. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये घर किंवा ठरावीक निवारा आणि उदरनिर्वाहाचं साधन नसलेलं मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं’ धरलं आहे, हे खरं. पण त्याचा अर्थ ते आईपासून काढायचं असा होत नाही. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये कुटुंबाची जबाबदारी हे तत्त्व आहे आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हटलं आहे. गरिबी हे मूल तोडायचं कारण नव्हे. तिथे समितीकडे मागायचं ते मुलासकट कुटुंबासाठी साहाय्य.

एकटं मूल असेल तर मात्र थांबू नका. १०९८ लावा, हा फोन मोफत आणि चोवीस तास चालतो. रेल्वेच्या हद्दीत रेल्वे सुरक्षा बलालाही कळवा. मूल सापडल्यापासून २४ तासांत समितीपुढे हजर करायचं असतं, प्रवासाचा वेळ वगळून. म्हणून सापडल्याची वेळ आणि ठिकाण तिथेच लिहा. कार्यकर्त्याला, परिचारिकेला, एखाद्या जागरूक नागरिकालाही मुलाला समितीपुढे नेता येतं. मूल स्वतःही जाऊ शकतं. त्या काळात ‘घरी सोडतो’, ‘खाऊ देतो’ असं सांगून गाडीत बसवू नका. समितीपुढे तीन-चार मोठी माणसं टेबलामागे असतील, तुझं नाव-गाव विचारतील, तुला कुठे जायचं तेही विचारतील, असं खरं सांगा. त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क त्याच कायद्याने त्याला दिला आहे.

आईबाप सोबत असूनही कळवावं असं केव्हा? मारहाणीच्या खुणा, उपचार थांबलेला गंभीर आजार, कोणी तिसराच माणूस मुलाला भीक मागायला बसवतो आणि पैसे घेतो, लैंगिक अत्याचाराचा संशय, लग्न ठरवलेली अल्पवयीन मुलगी. हे दिसलं तर पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं नाही, लगेच कळवायचं. बाकी कुटुंबांकडे एकाच माणसाने, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जात राहायचं, वही-कॅमेरा न काढता. चार-पाच भेटींनंतर तीच मंडळी हाक मारतात. मिरजेत स्टेशनाभोवती दवाखान्यासाठी आलेली कुटुंबंही असतात. पेशंट आत, बाकीचे फूटपाथवर. त्यांना निवारा नको असतो, हवी असते दवाखान्याजवळची जागा. आधी विचारा, मग नोंदवा.

प्रश्न : पुरात आमच्या शाळेत छावणी लागते. मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, दिवसभर भांडतात. भेटी देणाऱ्यांचे फोटो मात्र रोज.
— शिक्षिका, पलूस तालुका

आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली की तुमच्याकडे बाकं हलवायला लागतात. २००५, २०१९, २०२१ हे सगळ्यांना पाठ आहे. तयारी धान्याची होते, मुलांची होत नाही. जूनमध्येच एक पेटी भरून ठेवा : खडू-कोरे कागद, दोरीच्या उड्या, दोन चेंडू, जुन्या चादरी, प्लास्टिकचं कापड, मुलींसाठी सॅनिटरी पॅड आणि वापरलेली टाकायला काळी पिशवी, दोन बॅटऱ्या, एक रजिस्टर.

अंथरूण ओलं होणं हे भीतीचं लक्षण आहे, आळसाचं नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांचीही कधीच सुटलेली सवय परत येते. रागावणं, दुसऱ्यांसमोर चादर वाळत घालणं, रात्रीचं पाणी बंद करणं, तिन्ही टाळा. चादरीखाली प्लास्टिक घाला, मुलाला संडासाच्या वाटेजवळ झोपवा, वाटेवर दिवा ठेवा, झोपण्यापूर्वी आणि एकदा मध्यरात्री आईने उठवावं. सकाळी चादर गुपचूप बदलायची. आईलाही सांगा की हे बहुतेकांचं जागा स्थिरावली की थांबतं. दोन-तीन महिन्यांनीही थांबलं नाही किंवा लघवीला आग होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

भांडणं रिकाम्या वेळेची असतात. एक वर्ग फक्त मुलांचा ठेवा आणि रोजची वेळ पाळा. सकाळी १० ते ११ खेळ, जेवणानंतर गोष्ट, संध्याकाळी हातपाय धुऊन मोजणी. चालवणारी माणसं शक्यतो तीच असावीत. रोज नवे उत्साही स्वयंसेवक आले की मूल रोज नव्याने कोणाला तरी लळा लावतं आणि गमावतं. ज्यांना एकच दिवस द्यायचा आहे त्यांना भांडी घासायला लावा, मुलांकडे नको. मुलाला छावणीबाहेर कोण नेतं, किती वाजता, याची नोंद रजिस्टरमध्ये सहीसह. गर्दीत नात्याचा दावा करणारा कोणीही येऊ शकतो.

जुलाब सुरू झाले तर एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पुडी, चोवीस तासांत संपवायची, उरलं तर ओतून टाकायचं. अर्ध्या पेल्यात अर्धी पुडी असला हिशेब करू नका. जास्त खारट झालेलं पाणी अपाय करतं. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

फोटोंबद्दल : तोंडं दिसतील असा मुलांचा फोटो नको, असा फलक दारावरच लावा. रांगेत हात पुढे केलेल्या मुलाचा फोटो पुढे त्याच्याच वर्गात फिरतो. खाऊ आणि कपडे मुलांच्या हातात न देता आईबापांकडे द्या. वाटायचं त्यांनी. घर वाहून गेलेल्या बापाकडे देण्यासारखं तेवढंच उरलेलं असतं.

आणि छावणी उठते तेव्हा : रातोरात टेम्पो भरला जातो, मुलं सकाळी उठून मैत्रिणींना शोधतात. निदान एक दिवस आधी प्रत्येक मुलाला सांगा, कुठे, कशाने, कोणाबरोबर. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या, तशा वेळी गावं कायमची हलतात. तिथे तर नव्या जागेची शाळा, अंगणवाडी, वाट ही सामान हलण्याच्या आधी मुलांना दाखवून आणावी.

प्रश्न : केंद्रातली एक आई सगळ्यांसमोर मुलाला बडवते. नियमाप्रमाणे समज द्यावी का?
— रात्रपाळीचा कर्मचारी, सातारा

मार चालू असेल तर थांबवा, त्यात दुमत नाही. पण समज मुलासमोर देऊ नका. केंद्रात कधी झोपायचं, कधी जेवायचं हे तुम्ही ठरवता. आईच्या हाती मुलावरचा अधिकार एवढाच उरलेला असतो आणि तोही लोकांच्या नजरेखाली. रात्री सगळे झोपल्यावर तिला विचारा, दिवसातला कुठला वेळ सगळ्यात जड जातो. उत्तर बहुधा संध्याकाळ असतं. त्या वेळेला मुलाला अर्धा तास तुम्ही घ्या. मुलालाही वेगळं गाठून विचारा, लागलं का, भीती वाटते का. वळ, भाजल्याचे डाग किंवा पुन्हापुन्हा तेच दिसलं तर ते आधी सांगितलेल्या कळवण्याच्या यादीत गेलं.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलीने ‘कोणाला सांगणार नाही ना’ असं वचन घेऊन मला काही सांगितलं. आता मी काय करू?
— स्वयंसेविका, सांगली

वचन मोडावं लागेल आणि ते तिला तुम्हीच, आज सांगायचं आहे : ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला ते दोन माणसांना सांगावं लागेल. कोणाला, ते तुला आधी सांगेन.’ पुढच्या वेळेपासून बोलणं सुरू करतानाच ही मर्यादा सांगत चला.

लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायदा २०१२, कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवण्याला कलम २१ मध्ये शिक्षा आहे. ‘आधी संस्थेच्या अध्यक्षांना विचारतो’ यात वेळ घालवू नका. तिचे शब्द जसेच्या तसे, तिच्याच भाषेत लिहा, तारीख-वेळेसह. तुमचे शब्द घालून ते ‘नीट’ करू नका. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारू नका, अधीक्षिकेनेही नको, समुपदेशकानेही नको. प्रत्येक वेळी तपशील थोडा हलतो आणि न्यायालयात तो तिच्याच विरुद्ध वापरला जातो. ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला जाब विचारायला जाऊ नका, पण तो तिच्या आसपास राहणार नाही एवढं आजच बघा.

जबाब तिच्या राहत्या जागी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री तिला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. राहती जागाच नाही तिथे ‘पसंतीचं ठिकाण’ हे शब्द महत्त्वाचे. केंद्रातली एखादी खोली की सखी वन स्टॉप सेंटर (अत्याचारग्रस्त महिला-मुलींसाठीचं सरकारी मदत केंद्र), तिला विचारा. सोबत तिच्या विश्वासाचं माणूस असू शकतं आणि ते आईच असलं पाहिजे असं नाही. वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरांकडूनच.

तिने सांगितलेलं अत्याचाराचं नसून ‘माझं लग्न ठरवलंय’ असं असेल तर १०९८ लावा. कोयत्याची जोडी पुरी करण्यासाठी अशी लग्नं या भागात हंगामाच्या तोंडावर ठरतात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये कान उघडे ठेवा.

प्रश्न : विधवा आई, दोन मुलं, पालात राहतात. बाल संगोपनाचे पैसे मिळतील का? भाडेपत्र नाही.
— आशा, खंडाळा तालुका

क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत मुलामागे दरमहा २२५० रुपये आहेत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे, मंजुरीचा आदेश बाल कल्याण समितीचा. वडिलांचा मृत्यूदाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, बँक खातं ही कागदपत्रं आधी गोळा करा. रहिवासासाठी ग्रामसेवक किंवा तलाठ्याचं पत्र चालेल का, हे कार्यालयात आधीच विचारून घ्या, नाहीतर तीन फेऱ्यांची मजुरी बुडते. दोन मुलांचे दोन अर्ज करा. एकाच अर्जात ‘मुले : २’ लिहिलेला कागद हमखास परत येतो.